कान आत

आमच्या पोहण्याच्या बाई भांडुपहून मुलुंडला बसने यायच्या आणि घरातून निघतानाच डोक्यावर पोहण्याची टोपी चढवून यायच्या. निळी, रबरी, कपाळावर घट्ट बसलेली. अंबाडा मोठा होता, त्यामुळे टोपीला मागून आणखी एक लहान डोकं फुटल्यासारखं दिसायचं. "बॅगेत ठेवली की विसरते. डोक्यावर असली की विसरत नाही," एवढंच त्याचं कारण. बसमध्ये लोक बघत असतील हो, असं मी एकदा आडून सुचवून पाहिलं. "बघू देत की. तिकीट काढलंय मी," असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला.

मी त्यांच्याकडे शिकायला गेले तेव्हा पन्नाशी उलटली होती. अंधेरीच्या ऑफिसातली नोकरी सोडून घरी बसले होते, गुडघे बोलायला लागले होते, आणि डॉक्टरांनी पोहायला जा असं सांगितलं होतं. आमच्याकडच्या तरणतलावावर दुपारी फक्त बायकांची बॅच असते. त्यातला 'फक्त' हा शब्द मी फोनवर दोनदा विचारून पक्का करून घेतला. पंप दुरुस्त करणारा माणूस दुपारी येतो का, हेही विचारलं. पलीकडून बाईच बोलत होत्या. "येतो कधी कधी. पण तो पंपाकडे बघतो," त्या म्हणाल्या.

कपडे बदलायच्या खोलीपासून पाण्यापर्यंतचं अंतर तसं फार नव्हतं. पण ते अंतर आम्ही बायका एक टॉवेल कमरेला आणि एक खांद्यावर असा गुंडाळून, अंग चोरत पार करायचो. म्हणजे पहिल्या दिवशी तसा बेत होता. खोलीच्या दारात बाई डावा हात आडवा धरून उभ्या होत्या. "टॉवेल इथे." मला वाटलं, थट्टा करतायत. हात तसाच. एकेकीने मुकाट्याने टॉवेल त्या हातावर टाकले, आणि बाई ते सगळं गाठोडं घेऊन तलावाच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन ठेवून आल्या. म्हणजे पाण्यात शिरताना चालायचं ते चालायचंच, शिवाय बाहेर आल्यावर ओल्या अंगाने अर्ध्या तलावाला वळसा घालून टॉवेलपर्यंत पोचायचं. त्यांच्याकडे शिकण्याची हीच पहिली अट होती. हात-पाय मारणं नंतर.

त्या दिवशी मी घरी येऊन ठरवलं की पुन्हा जायचं नाही. दुसऱ्या दिवशी गेले. का गेले, ते अजून सांगता येणार नाही.

बाई कुणालाही नावाने हाक मारायच्या नाहीत. जी ज्याला घाबरते ते तिचं नाव. एक होती शिडीवाली, ती शिडीची दांडी सोडायची नाही. एक नाकवाली, ती पाण्याखाली जाताना एका हाताने नाक धरायची आणि मग उरलेल्या एकाच हाताने पोहायला बघायची. आणि मी कानवाली. मी पोहायचे, पण मान ताठ वर काढून, दोन्ही कान पाण्याबाहेर ठेवून. त्याने पाय खाली जायचे आणि मी उभ्याउभ्या चालल्यासारखी पोहायचे. बाई काठावरून ओरडायच्या, "कान आत! कानवाले, कान आत!" रस्त्यापर्यंत आवाज जायचा. मी कान आत घालायचे, एक-दोन हात मारायचे, की मान पुन्हा वर. कोण काय म्हणतंय, याकडे माझा एक कान जन्मभर लागलेला आहे. तो असा सांगून थोडाच पाण्यात जाणार होता.

शिकवताना बाई पोहणारीच्या पुढे पुढे, तिच्याकडे तोंड करून, काठाने उलट्या चालायच्या. हातात एक लांब बांबू. एकदा उलट चालता चालता काठ संपला आणि त्या ट्रॅकसूट, घड्याळ, बांबू, सगळ्यांसकट पाण्यात पडल्या. आम्ही धावलो. त्या वर आल्या, टोपी जागच्या जागी होती, आणि तोंडातलं पाणी थुंकून शिडीवालीला म्हणाल्या, "थांबलीस का? पुढे." त्या दिवशी शिडीवालीने पहिल्यांदा शिडी सोडून तलाव ओलांडला. भीतीने नव्हे, हसू आवरायला तिला दुसरा काही उद्योग हवा होता.

पाण्यातून बाहेर आल्यावर प्रत्येकीच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा आणि गूळ. तो उभ्यानेच, ओल्या अंगाने खायचा. टॉवेलपर्यंत पोचण्याआधी. पंचेचाळीस ते सत्तरीच्या आम्ही सगळ्या बायका थंडीने दात वाजवत, अंगावर गुडघ्यापर्यंतचे ते फ्रॉकवाले पोशाख चिकटलेले, कुरुम कुरुम खोबरं खात उभ्या. हे चित्र कुणी पाहिलं असतं तर मी मुलुंड सोडून गेले असते.

तलावाबाहेर बाईंना भेटणं म्हणजे तर परीक्षाच. एकदा स्टेशनजवळ भाजी घेताना भेटल्या. टोपी डोक्यावर होतीच. माझ्या जुन्या ऑफिसातली दोन माणसं माझ्यासोबत होती. बाईंनी माझा दंड धरला, तिथेच फुटपाथवर वर उचलला आणि म्हणाल्या, "कोपर बघ कुठे जातंय तुझं. असं. असं यायला पाहिजे." दोडक्यांच्या आणि माणसांच्या गर्दीत मी एक हात वर करून उभी. भाजीवाला म्हणाला, "ताई, पिशवी तरी खाली ठेवा." माझे कान इतके तापले की भाजी घेतली ती सगळी चुकीचीच घेतली. मुलाच्या लग्नातही त्या आल्या, चांगली निळी सिल्कची साडी नेसून. स्टेजवर नवरा-नवरीला भेटायच्या रांगेत त्यांचा नंबर आला तेव्हा घामाघूम झालेल्या माझ्या मुलाच्या पोटावर बोट ठेवून त्यांनी सांगितलं, "श्वास सोड. धरून ठेवलायस." सगळे हसले. पण फोटोंच्या अल्बममध्ये त्याच्यानंतरच्या फोटोंत मुलगा बरा दिसतो.

पुढे तो तलाव दुरुस्तीसाठी बंद झाला आणि पुन्हा उघडला तेव्हा बाई नव्हत्या. भावाकडे गावी, मालवणच्या बाजूला गेल्या. फोन उचलत नाहीत, पण उलट फोनही करत नाहीत अशातला भाग नाही, वर्षातून एकदा कधीतरी येतो आणि पहिला प्रश्न असतो, "पोहतेस की नाही?" नवीन शिकवणारी मुलगी गोड आहे. काठावर टॉवेल ठेवायला खुर्च्या आहेत. कानात घालायचे बोळे मिळतात. मी तिथे जाते, पण मजा नाही.

बाईंचं सांगायचं तर मला जुहूपासून सुरुवात करायला हवी होती, खरं म्हणजे. बाई तेव्हा माझ्या आयुष्यात नव्हत्या, तरीही.

माझा नवरा विनोदी आहे. आमच्या सोसायटीतला कुठलाही कार्यक्रम त्याच्या सूत्रसंचालनाशिवाय होत नाही. विनोद करण्याआधी तो घसा खाकरतो आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघून घेतो, सगळ्यांचं लक्ष आहे ना म्हणून. लग्नानंतर काही वर्षांनी त्याच्या ऑफिसची मंडळी बायकामुलांसकट जुहूला गेलो होतो. मुलगा लहान होता, त्याच्या वेळी वाढलेलं माझं अंग उतरलेलं नव्हतं. सगळ्या बायका पाण्यात पाय बुडवत होत्या, म्हणून मीही सलवार गुडघ्यापर्यंत वर घेऊन चार पावलं आत गेले. मागून घसा खाकरलेला ऐकू आला. "अगं जपून. तू उतरलीस तर भरती येईल."

सगळे हसले. साहेब हसले, साहेबांची बायको हसली. सगळ्यात मोठ्याने मी हसले. मग बाहेर येऊन भेळेच्या गाडीपाशी उभी राहिले, आणि त्यानंतर समुद्रात पाय घातला नाही. गोव्याला गेलो, अलिबागला गेलो, गणपतीत कोकणात गेलो. मी चपला सांभाळायचे. नवऱ्याला तो विनोद आठवतही नसेल, त्याने त्यानंतर शेकडो केले. पण मला आठवून आठवून त्याच जागी, त्याच कानांत लाज वाटायची. मुलाचं लग्न झालं, सून आली, तरी वाटायची.

आणि तरी आत कुठेतरी एक हट्ट होता. समुद्राच्या खाली डोकं घालून एकदा बघायचं होतं. टीव्हीवर ते रंगीत मासे दाखवतात ना, ते. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बाईंनाही नाही.

बाई तलावावर शिकवत होत्या तेव्हाच आमच्या सोसायटीतल्या लोकांनी क्रूझ ठरवली, त्यात एक दिवस लक्षद्वीपच्या एका बेटावर थांबा होता. बोट लांब उभी राहणार, लहान नावांतून जेटीवर नेणार, काही तास बेटावर, मग परत. शिडीवाली आणि नाकवाली आमच्याच सोसायटीतल्या. शिडीवालीची जाऊ गळाली, तेव्हा तिच्या जागी बाईंना घेऊ असं तिनेच सुचवलं. बाई हो म्हणाल्या आणि लगेच विचारलं, "पोशाख घेताय ना?" आम्ही एकमेकींकडे बघितलं. नाही म्हणायची सोय नव्हती. बॅगेत तळाशी, चादरीच्या घडीत गुंडाळून मी तो पोशाख ठेवला. मी पोहते हे नवऱ्याला माहीत होतं. पोहताना कशी दिसते हे माहीत नव्हतं, आणि कळू द्यायचं नव्हतं.

बेटाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही चौघी डेकवर चहा घेऊन बसलो. पलीकडे माइक हातात घेऊन नवरा अंताक्षरी रंगवत होता. मासे दाखवायला नावेतून लांब नेणारी फेरी तरुण पोरांनी आधीच भरून टाकली होती. राहिला किनारा. काठावरूनच पाण्यात शिरायचं, डोळ्यांवर काच, तोंडात नळी, आणि खाली बघत तरंगायचं. प्रश्न एवढाच की कुठून शिरायचं.

"जेटीच्या उजव्या हाताला," बाई म्हणाल्या. त्यांनी चहा देणाऱ्या पोऱ्याला, स्वयंपाक्याला आणि एका खलाशाला, तिघांना वेगवेगळं विचारून झालं होतं. "खाली वाळू आहे, थोडं पुढे खडक आणि मासे. नाववाले तिथेच असतात. आणि काठावरून मला तुमची तिघींची टाळकी दिसतील."

"तिथे तर सगळी बोट असेल," मी म्हणाले.

"असेल की."

शिडीवालीचा जीव जेटीच्या पायऱ्यांत अडकला होता, पण तिचे व्याही बोटीवर होते. "विहिणीसमोर मी ह्या अवतारात? मेले तरी नाही." नाकवालीला फोटोची धास्ती. कुणीतरी काढणार आणि रात्रीपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार. मी काहीच कारण सांगितलं नाही. मोबाइलवर बेटाचा नकाशा मोठा करून दाखवला. जेटीच्या बरोबर उलट बाजूला, नारळांच्या पलीकडे, एक लांबलचक किनारा होता. घर नाही, रस्ता नाही, नाव नाही. पाणी छान निळं दिसत होतं.

"इथे कुणी नसेल," मी म्हणाले.

"कुणी का नसेल, ते विचारलंस?" बाई म्हणाल्या.

"बाई, प्लीज."

त्यांनी आम्हा तिघींकडे आळीपाळीने बघितलं. मला वाटलं, आता त्या आवाज चढवतील आणि अंताक्षरी थांबेल. पण त्या म्हणाल्या, "ठरवलंत ना? चला मग. मी खोबरं घेते."

दुसऱ्या दिवशी नवरा आणि बाकीची मंडळी जेटीजवळच्या सावलीत शहाळी घेऊन बसली. "तुम्ही कुठे निघालात?" त्याने विचारलं. "जरा पाय मोकळे करून येतो," मी म्हणाले. पोशाख आतून घातलेलाच होता, वर सैल ड्रेस, पिशवीत टॉवेल, काच आणि नळी. चोरी करायला निघाल्यासारख्या आम्ही निघालो. बाई पुढे, डोक्यावर टोपी, गळ्यात काच लोंबतेय. त्यांच्याकडे बघून आम्ही कुठे निघालोय हे कुणालाही कळलं असतं.

ऊन लागत होतं. नारळांतून, शाळेच्या मागून, वाळत घातलेल्या मासळीच्या वासातून (नाकवालीने इथेही नाक धरलं) चालत चालत आम्ही पलीकडे पोचलो. आणि खरंच, चिटपाखरू नव्हतं. पांढरी वाळू, वारा, आणि समोर निळं पाणी. आम्हाला इतका आनंद झाला की आम्ही न सांगता टॉवेल बाईंच्या हातावर टाकले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. बाईंनी ते घेतले आणि एका पडलेल्या माडावर जाऊन बसल्या.

नकाशावरचं ते निळं घोटाभर होतं.

आम्ही चालत राहिलो. पुढे खोल असेल, पुढे असेल. पाणी पोटरीच्या वर यायला तयार नव्हतं आणि खाली टोचणारे खडक. ओहोटी लागलेली, पाणी सगळं बाहेर ओढून नेलेलं. शेवटी नाकवाली म्हणाली, "आलोय तर बघू तरी." आम्ही तिघी त्या पाण्यात पालथ्या झालो. तोंडात नळ्या, डोळ्यांवर काचा, पोटं वाळूला टेकलेली, पाठी आणि बाकी सगळं उन्हात. हाताने पुढे सरकायचं. मला वाळू दिसली. मग आणखी वाळू. मग काकडीएवढं एक काळं, मऊ, जिवंत काहीतरी दिसलं आणि त्याच वेळी ते नाकवालीलाही दिसलं. तिची किंकाळी नळीतून आली, त्यामुळे ती भोंग्यासारखी ऐकू आली.

बाई माडावर बसून हसत होत्या. आवाज न करता, खांदे हलवत. आम्ही पाय खरचटून घेऊन परत आलो आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिलो. मी म्हटलं होतं ना, असं त्या म्हणाल्या नाहीत. खोबरं दिलं.

बाकीच्या दोघी पाय धुवायला गेल्या तेव्हा बाईंनी मला बसवून घेतलं. रागावल्या किंवा मायेत आल्या की त्या मालवणीत बोलायच्या. त्या वेळी यातलं काय होतं, मला कळलं नाही.

"लाज खंय वाटता गो तुका?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुठे? पोटात वाटते, मांड्यांत वाटते, कुठे? दाखव मला."

असं कुणी विचारतं का? मी खरोखर विचार केला. मग दोन्ही हात कानांना लावले. "इथे. कान तापतात."

"का?"

आणि मी त्यांना जुहूचं सांगितलं. इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. सांगताना ते एवढंसं वाटलं की त्याचीही लाज वाटली. एक वाक्य. नवऱ्याने केलेला एक विनोद. एवढ्यासाठी ही बाई जन्मभर चपला सांभाळत बसली.

बाईंनी खोबरं चावून संपवलं. मला वाटलं, नवऱ्याला दोन शिव्या देतील. मी त्याची बाजू घ्यायची तयारीही केली. त्या म्हणाल्या, "तेव्हा भरती होती की ओहोटी?"

"कधी?"

"जुहूला. तू उभी होतीस तेव्हा पाणी चढत होतं की उतरत होतं?"

मला आठवेना. साहेबांच्या बायकोच्या साडीचा रंग आठवत होता, भेळवाल्याची गाडी आठवत होती, कोण कुठल्या क्रमाने हसलं तेही आठवत होतं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"बघ," बाई म्हणाल्या. "समुद्रात उभी होतीस आणि समुद्र बघितलाच नाहीस. नुसती ऐकत होतीस." आणि टॉवेल उचलून त्या चालायला लागल्या. "चला. जेटीकडे. अजून वेळ आहे."

वाटेत आम्ही तिघींनी आपापले टॉवेल बाईंकडून परत घेऊन खांद्यावर लपेटले. ड्रेस आत ओल्या पोशाखाला चिकटत होते. आणि जेटी दिसली तेव्हा माझे पायच थांबले. परतीच्या नावा सुरू झाल्या होत्या. सकाळी जे लोक बेटभर पांगलेले असते, शहाळी पीत असते, झोपलेले असते, ते सगळे आता जेटीवर रांगेत उभे होते. अख्खी बोट. हातात काही काम नाही, डोक्यावर ऊन, आणि बघायला फक्त उजव्या हाताचं पाणी. लोकांपासून लपायला म्हणून गेलो आणि बरोबर लोकांच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिलो. शिडीवालीची विहीण हात हलवत होती. नवरा रांगेच्या मध्यभागी होता, आजूबाजूला त्याची नेहमीची मंडळी.

बाई वाळूवर पाण्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. डावा हात आडवा. "टॉवेल इथे."

"बाई, नको ना," शिडीवाली रडकुंडीला आली. "पुन्हा कधीतरी."

"पुन्हा कधी? लक्षद्वीप मुलुंडला येतंय का?"

सगळ्यांत आधी नाकवालीने टॉवेल दिला. का, ते मला आजही माहीत नाही. ती म्हणते, पाय भाजत होते. मग शिडीवालीने, डोळे मिटून. मी उरले. ड्रेस डोक्यातून काढताना मला वाटलं, हा असाच डोक्यावर अडकून राहिला तर बरं होईल. टॉवेल बाईंच्या हातावर ठेवला. तिथून पाण्यापर्यंतची वाळू तलावाच्या काठापेक्षा कमीच होती. पण मी ती वाळू माझ्या पोटासकट, मांड्यांसकट, निळ्या शिरांसकट चालले, आणि प्रत्येक पावलाला कान तापत होते. धीर आला वगैरे काही नाही. नुसती लाज वाटत होती आणि मी चालत होते.

पाणी गुडघ्याला, मग कमरेला लागलं. गार नव्हतं. काच लावली, नळी तोंडात धरली आणि सवयीप्रमाणे मान वर ठेवून जेटीकडे बघितलं. नवऱ्याने मला ओळखलं होतं. तो कठड्याशी आला. त्याने घसा खाकरला. ऐकू नाही आला, पण मला तो दिसला. त्याने डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं.

"कानवाले!" काठावरून बाईंचा आवाज आला, अख्ख्या जेटीला ऐकू जाईल असा. "कान आत!"

मी कान आत घातले.

मला वाटलं होतं, खाली शांत असेल. पण खाली आवाज होता. बारीक, सगळीकडून येणारा, कुरुम कुरुम. आधी कळेना कसला. मग खडकाजवळ हिरवट-निळा, गुलाबी ओठांचा एक मोठा मासा दिसला. तो खडक कुरतडत होता, खोबरं खाल्ल्यासारखा, आणि त्याच्या शेजारी दुसरा. मध्येच पिवळे, पापलेटाएवढे चपटे दहा-बारा जण एकदम वळले, जसे सगळे एकाच घरातले असावेत. माझ्या पोटाखालून गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी हात पसरून तशीच पडून राहिले. पाणी हळूहळू मला किनाऱ्याकडे ढकलत होतं. म्हणजे भरती लागली होती. हे मला माझं मला कळलं, आणि नळी तोंडात असताना हसता येत नाही हेही कळलं.

किती वेळ होते, माहीत नाही. बाईंचा बांबू नव्हता म्हणून त्यांनी नारळाची झावळी पाण्यावर आपटली तेव्हा डोकं वर काढलं. जेटीवरची रांग अर्धी झाली होती. नवरा काय म्हणाला होता आणि कोण कोण हसलं, ते मला माहीत नाही. नंतर शिडीवालीची विहीण ते सांगायला आली होती. मी विषय बदलला.

पाण्यातून बाहेर येऊ लागले तेव्हा लाज काठावर थांबलेलीच होती. पोशाख अंगाला चिकटलेला, डोळ्यांभोवती काचेचे वळ, केस तोंडावर. आणि समोरून नवरा धावत येत होता. रांग सोडून, बूट एका हाताच्या बोटांत लटकवलेले, पँट दुमडलेली. दोन्ही हातांनी बोटीवरचा भलामोठा पांढरा टॉवेल उघडून धरलेला. माझ्याकडे बघत नव्हता. मागे वळून वळून लोकांकडे बघत होता. त्याचे कान लालभडक झाले होते. इतक्या वर्षांच्या संसारात मी ते तसे पहिल्यांदा बघितले.

"अगं घे, गुंडाळ पटकन," तो हळू आवाजात म्हणाला. "सगळे बघतायत."

मी हात पुढे केला. खरंच केला. तेवढ्यात आमच्या दोघांच्या मध्ये एक हात आडवा आला, त्यावर आधीच तीन टॉवेल.

"टॉवेल इथे," बाई म्हणाल्या.

त्याने बाईंच्या टोपीकडे बघितलं, हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. घसा खाकरला. काहीच बाहेर आलं नाही. मग पहिल्या दिवशी आम्ही ठेवला होता तसाच त्याने तो टॉवेल बाईंच्या हातावर ठेवला. बाईंनी माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा दिला, त्याच्याही हातावर एक दिला, आणि सगळं गाठोडं घेऊन त्या जेटीच्या पार पलीकडच्या टोकाला, रांगेच्याही पुढे निघून गेल्या.

मी चालायला लागले. तो शेजारून चालत होता, एका हातात बूट, एका हातात खोबरं, आणि रांगेसमोरून जाताना मान खाली घालून ते खात होता.